हिरव्या साडीतल्या बायका

एक काळ असा होता की दारव्हा तालुक्यातल्या मेलेल्या बायका बहुतेक एकाच साडीत असायच्या. पोपटी हिरवी, बारीक काठाची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. कुणाच्याही घरी गेलात की समोरच्या भिंतीवर हार घातलेली तीच साडी. ती त्यांना मी नेसवली. त्या जिवंत असताना नव्हे, नंतर. हे मी अजून कुणाला पुरतं सांगितलेलं नाही, म्हणून लिहून काढते आहे. नात म्हणते, आजी, तू नुसतं बोल, मोबाईल आपोआप टाइप करतो. मी जन्मभर बोटांनी अक्षरं जुळवून पोट भरलं, तेव्हा हे एवढं तरी बोटांनीच होऊ दे.

आम्ही बंजारा तांड्यावरचे. बापूला दारव्ह्याच्या बाजार समितीत हमालीचं काम लागलं तेव्हा आम्ही गावात दोन खोल्यांत राहायला आलो. आई, म्हणजे आमच्या बोलीत याडी, तांडा सोडून आली, पण तांड्याचे कपडे काही तिने सोडले नाहीत. आरसे आणि कवड्या लावलेला घेरदार घागरा म्हणजे फेटिया, स्वतःच्या हाताने भरलेली चोळी म्हणजे कांचळी, जड ओढणी, मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या म्हणजे बलिया आणि कानशिलांवर केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या. नवरा जिवंत आहे तोवर घुगऱ्या काढायच्या नाहीत, असा आमच्यात नियम. सकाळी ती बाटी थापायची, म्हणजे जवारीची भाकर, तेव्हा बलिया एकमेकींवर आपटून टक टक असा ठेका धरायच्या. मला जाग यायची ती त्या आवाजाने. मग अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास, तव्यावर मिरच्या परतल्याचा ठसका, आणि बापूचं खोकत खोकत उठणं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. लहानपणापासून त्याच बाजूला घागर घेऊन तो तसा झाला, असं ती सांगायची.

गल्लीतल्या मुली तिला बघायला दारात यायच्या. मला तिची लाज वाटायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायची. शाळेत पालकांना बोलावलं की मी बापूला घेऊन जायचे, आणि याडीला सांगायचे की फक्त वडिलांनाच बोलावलंय. ती मान डोलवायची. तिला खरं कळत असणार, हे मला कळायला स्वतःची मुलं मोठी व्हावी लागली.

बारावीत मी नापास झाले, टायपिंग शिकले आणि मेन रोडवरच्या शबनम प्रेसमध्ये लागले. शबनम ही मालक रफीकभाई यांची मुलगी. त्यांच्या वडिलांच्या वेळची पायाने चालवायची ट्रेडल मशीन तिथे होती, भिंतीला शिशाच्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे, लाकडी खण होते. मी लागले त्याच वर्षी त्यांनी खिळे भंगारात काढले आणि यवतमाळहून कॉम्प्युटर आणला. जीपच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून, आणि रफीकभाई सबंध रस्ताभर त्याला कवटाळून बसलेले. पाटीवरचं 'प्रेस' पुसलं गेलं, त्या जागी 'ग्राफिक्स' आलं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, पण गिऱ्हाइकांना ते सांगावं लागत नसे. पडद्याआडची थंडगार खोली पाहून लोक आपणहूनच चपला काढायचे. काही जण हातही जोडायचे. बाजाराच्या दिवशी जीपा भरभरून माणसं यायची आणि लग्नाच्या पत्रिका, पावती पुस्तकं, निवडणुकीची पत्रकं यांनी दुकान गजबजून जायचं. मागच्या घरातून रफीकभाईंच्या बायकोचा, आमच्या खालाचा, चहा आणि पापे, म्हणजे टोस्ट, यायचे. मी त्या खुर्चीत बसले की माझ्या अंगात वारं शिरायचं. तांड्यावरची पोर, आणि सगळं गाव तिच्या मागे उभं राहून पडद्याकडे बघतंय.

मग स्कॅनर आला आणि 'फोटो बनवणं' सुरू झालं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो असलाच तर रेशन कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या गर्दीतला. माणूस गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा तो घेऊन यायचा. मी त्यातून चेहरा कापून घ्यायचे, साफ करायचे आणि तयार खांद्यांवर बसवायचे. त्या खांद्यांना आम्ही दुकानात बॉडी म्हणायचो. पुरुषांसाठी निळा कोट आणि लाल टायवाली एक बॉडी यवतमाळच्या दुकानातून मिळाली होती. जन्मभर धोतर सोडलं नाही असे किती तरी म्हातारे तो कोट घालून भिंतीवर गेले. त्यांच्या सुनासुद्धा म्हणायच्या, मामंजी किती छान दिसून राह्यले.

बाईची बॉडी मात्र मिळेना. जिवंत बाईच्या खांद्यावर मेलेलीचं डोकं बसवायचं म्हटल्यावर कोण फोटो देणार? खालाने स्वतःची हिरवी साडी दिली, स्वतः बसायला मात्र साफ नकार दिला. तेव्हा मी याडीला आणलं. कसला तरी सरकारी फॉर्म भरायचा आहे, त्याला साडीतला फोटो लागतो, असं सांगितलं. ती आयुष्यात साडी नेसली नव्हती. खालाने तिला मागच्या खोलीत नेऊन कपड्यांवरूनच ती गुंडाळली, बलिया झाकल्या जाव्यात म्हणून पदर दोन्हीकडून घेतला. घुगऱ्या काढू का, असं याडीने घाबरत विचारलं. मी म्हणाले, राहू दे. डोकं तर कापायचंच आहे, हे मनातल्या मनात. फोटो झाला आणि याडी साडी नीट घडी घालून खालाला परत देऊन बाजार करायला गेली. मी कॉम्प्युटरवर तिचं डोकं खोडलं आणि फाईल सेव्ह केली. वेगळ्या नावाने एक प्रत ठेवावी, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मी त्याच नावाने सेव्ह केली, आणि मूळ फोटो गेला. त्या फोटोत ती कशी दिसत होती, हे आता मलासुद्धा आठवत नाही.

ती बॉडी फार चालली. फक्त एक खोड होती. उजवा खांदा उतरता असल्यामुळे कुठलंही डोकं सरळ ठेवलं की ते पडतंय असं वाटायचं. म्हणून प्रत्येक डोकं मी थोडंसं डावीकडे फिरवायचे. बोटांना ते इतकं बसलं की बघावंही लागेना. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या मेलेल्या बायका जरा मान कलती करून बघतात, कुणी हाक मारली असावी तशा. तांड्यांवरून मुलगे यायचे त्यांना साडी तर हवीच असायची, वर ते घुगऱ्यांवर बोट ठेवून म्हणायचे, ताई, हे काढून टाका. मी घुगऱ्या पुसून तिथे काळे केस भरायचे. त्यात माझा हात बसला होता. रफीकभाई चार माणसांत माझं कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं.

झमकू मावशी गेली तेव्हाही मी तेच केलं. ती आणि याडी एकाच दिवशी लग्न होऊन तांड्यात आलेल्या. एकीची कांचळी दुसरीने भरायची, एकीच्या बाळंतपणात दुसरी. मावशीचा मुलगा मारेगावकडे शाळेत मास्तर होता. तो कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन आला. घरचंच काम, म्हणून मी जास्त मेहनत घेतली. सुरकुत्या थोड्या कमी केल्या, घुगऱ्या पुसल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू दिलं. मास्तरांना इतकं आवडलं की त्यांनी यवतमाळहून मोठी प्रत करून काचेची फ्रेम केली.

तेरवीला मी आणि याडी जीपने तांड्यावर गेलो. मांडवात खुर्चीवर फ्रेम ठेवलेली, समोर बायका बसलेल्या. आमच्यात गेलेल्या माणसाला नुसतं रडत नाहीत. हेल काढून, त्याच्या एकेक गोष्टी सांगत, त्याला विचारत रडतात. याडीचा त्यात हातखंडा. ती आली की बाकीच्या आपोआप गप्प व्हायच्या. तिने ओढणी चेहऱ्यावर घेतली, बैठक मारली आणि सूर लावला. आपण दोघी कशा आलो, नदीवर पहिल्यांदा कशा भांडलो, इथपर्यंत आली. मग रीतीप्रमाणे तिने ओढणी बाजूला करून मैत्रिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सूर तिथेच तुटला. बायका थांबल्या. कुणाला वाटलं श्वास अडकला, एकीने पाणी पुढे केलं. याडी उठली, फ्रेमजवळ गेली, आणि काचेवर, त्या उतरत्या खांद्यावर तिने बोट ठेवलं.

"ई मार छ," ती हळूच म्हणाली. हे माझं आहे.

बायकांना वाटलं दुःखाने काही तरी बोलते आहे. त्यांनी तिला धरून बसवलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. घरी आल्यावर तिने चूल पेटवली, पीठ मळलं, बाटी थापायला घेतली. बलियांचा तोच ठेका. मला तो ऐकवेना. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं: फॉर्मची थाप, खालाची साडी, कापलेलं डोकं, तिच्या खांद्यांवर बसवलेल्या बायका. आता ती कपाळ बडवून घेईल, अपशकुन म्हणेल, दृष्ट काढ म्हणेल, असं मला वाटत होतं. ती हातातली बाटी तव्यावर टाकून मगच बोलली. घरात ती आमच्या बोलीतच बोलायची, मी इथे वऱ्हाडीत लिहिते.

"माह्यं अंग घेतलं त्याचं काई नाई. अंग कामासाठीच असते. पण झमकू साडीत गेली, सुनी. जन्मात नाई नेसली थे. तिची माय, तिची सासू, तिकडं वाट पाहून राह्यल्या असतीन. थ्या तिले ओळखतीन कशा?"

मरणानंतर कोण कुणाची वाट पाहतं, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. पण ज्यांना आधीच कुणी विचारत नव्हतं, अशा बायका मी आणखी अनोळखी करत होते, एवढं मला त्या चुलीपुढे लख्ख कळलं. शाळेत तिला न नेणारी मी आणि घुगऱ्या पुसणारी मी, एकच होते.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून दुकानात आली. पूर्ण पोशाखात, बलिया घासून पांढऱ्याफटक केलेल्या. चपला बाहेर काढल्या. रफीकभाई खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "भाभी, बसा." तिने सांगितलं, झमकूला पहिल्यासारखी करायची आहे, त्यासाठी माझा फोटो घ्या. रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि त्यांनी दिवे लावले. कॅमेऱ्यापुढे याडी ताठ बसली. मी ओढणी सारखी करायला जवळ गेले तेव्हा तिने विचारलं, "याचंबी डोकं काढशीन?" मी हो म्हणाले.

"काढ. या टायमाले मी सोताहून देऊन राह्यली," ती म्हणाली. "पण माह्या टायमाले मले माह्याच कपड्यात ठेवजो."

मी तिच्या गळ्याशी हात नेऊन शपथ घेतली. तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, फोटो काढ आता, बाजार राहिला आहे.

झमकू मावशीच्या घुगऱ्या लग्नाच्या त्या फोटोत धूसर होत्या, त्यामुळे याडीच्याच घुगऱ्या उचलून मी मावशीच्या कानशिलावर बसवल्या, आणि याडीचं डोकं घाईत या वेळीही प्रत न ठेवताच खोडलं. नवा फोटो फ्रेम करून तांड्यावर घेऊन गेले तर मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला, आणि परत दिला. रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, लोकं अजून आमच्याकडं तमाशा पाहिल्यासारखं पाहतात. मोठ्या मुश्किलीनं यातून बाहेर पडलो. तुम्ही परत आत कायले ढकलता?" ती लाज मला पाठ होती. शेवटी मावशीचा म्हातारा नवरा उठला, त्याने फ्रेम खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि आपल्या झोपडीत खाटेच्या उशाशी टांगली. मास्तरांच्या दिवाणखान्यात हिरवी साडी राहिली, म्हाताऱ्याच्या झोपडीत फेटिया. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारू लागले, साडी की तिचे कपडे? दहातले नऊ साडीच म्हणायचे. पण मी विचारायचे.

पुढे फ्लेक्स आला आणि आम्ही सगळे भांबावून गेलो. रफीकभाईंनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एकाच्या भागीदारीत मोठं मशीन टाकलं. मी इथे डिझाइन करायचे, सीडी लोहाऱ्याला जायची आणि संध्याकाळी ओल्या शाईच्या उग्र वासाचे गठ्ठे परत यायचे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. चौकात झाड दिसेना. चार मुली माझ्या हाताखाली आल्या, पाटी तीनदा बदलली, चपला घालूनच माणसं आत येऊ लागली. आणि मग, नेमकं कधी ते सांगता येत नाही, बाजाराच्या दिवशीसुद्धा दुकान मोकळं दिसू लागलं. पत्रिका मोबाईलवर जाऊ लागली. श्रद्धांजली मोबाईलवर. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आणि त्यातच दुकान. फ्लेक्स लावून घेणारी मुलं मोबाईलवर स्वतःच डिझाइन करू लागली. लोहाऱ्याचं मशीन विकलं, मुली गेल्या, शेवटी मीही गेले. रफीकभाईंनी काउंटरवर मोबाईलची कव्हरं टांगली. मी कधी त्या बाजूला गेले की आम्ही दोघं बाहेर बाकावर बसून चहा प्यायचो. ते एकदा म्हणाले, बेटी, खिळे भंगारात गेले तेव्हा अब्बांनी डोळे पुसले होते, मी हसलो होतो त्यांना. यापलीकडे त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

बापू गेला तेव्हा याडीच्या घुगऱ्या निघाल्या. पुढे साखरेच्या दुखण्याने तिचे हात सुजले आणि दवाखान्यात बलिया कापून काढाव्या लागल्या. शेवटची दोन वर्षं माझ्या भावाच्या घरी ती गाऊनमध्ये असायची, ते सगळ्यांना सोयीचं होतं. ती सकाळी गेली, आणि आम्ही तिला अजून खाटेवरून खालीही घेतलं नव्हतं, तर भाच्याच्या मोबाईलवर तिची श्रद्धांजली तयार झाली होती. गुलाब, समई, आणि मधोमध गाऊनमधली, नाकातली नळी काढल्यानंतरची याडी. त्याने प्रेमानेच केलं होतं. तोच फोटो फ्रेमला देऊ, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, नाही. याडीचे हजार फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होते, आणि तिच्या कपड्यातला एकही नव्हता.

मी रफीकभाईंकडे गेले. आता ते काठी घेऊन चालतात. मागच्या खोलीत न खपलेल्या पत्रिकांचे गठ्ठे होते, त्यात त्यांनी अर्धा दिवस घालवला आणि एका पत्रिकेच्या लिफाफ्यातून सीडी काढली. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, सुनीताची आई. आता सीडी लावायची कुठे? दारव्ह्यात एकाही दुकानातल्या कॉम्प्युटरला ती फट उरलेली नव्हती. शेवटी बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकाने कोपऱ्यातल्या मशीनवरची धूळ झटकून ते सुरू करून दिलं. बराच वेळ घरघर झाली. मग फाईल उघडली. आरसे, कवड्या, घासलेल्या बलिया, ताठ बसलेली बाई, आणि गळ्याच्या वर काही नाही.

मी मोबाईलमधून तिचा त्यातल्या त्यात बरा चेहरा घेतला. सुरकुती एकही पुसली नाही. घुगऱ्या त्याच सीडीवरच्या झमकू मावशीच्या फाईलमध्ये होत्या, त्या तिच्याकडून परत घेतल्या. तेरवीला काही बायकांनी नाक मुरडलं, नवरा नसलेल्या बाईला घुगऱ्या कशा म्हणून. मुरडू दे, तिकडे बापू तिच्याआधी पोचलेला आहे. पण ते नंतरचं. त्या दुपारी, क्लासच्या त्या रिकाम्या खोलीत, मी चपला बाहेर काढून बसले होते, हे मला मागून लक्षात आलं. चेहरा कापून झाला, तो उचलून मी त्या उतरत्या खांद्यांवर आणून ठेवला, आणि सवयीने माझा हात डोकं डावीकडे फिरवायला गेला. फिरवावं लागलं नाही.